वर्तणूक : चांगली
(शाळेच्या दाखल्यापासून पडद्यावरच्या दाखल्यापर्यंत)

शाळा सोडल्याचा दाखला आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाटातल्या एखाद्या फाइलीत असतो. जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, शाळा सोडल्याचे कारण असे रकाने त्यात असतात आणि त्यांच्या सोबतीला ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. त्यात बहुधा एकच शब्द लिहिलेला सापडतो : ‘चांगली’. जुने कागद पाहण्याचा मला नाद आहे. असे शेकडो दाखले मी चाळले असतील. पण त्या रकान्यात ‘वाईट’ असे लिहिलेला एकही माझ्या पाहण्यात आलेला नाही. वर्गात बाकावर उभे राहिलेले, शाळेच्या काचा फोडलेले, कॉपी करताना सापडलेले सगळे त्या एका शब्दाच्या छत्राखाली बाहेर पडले. मुलाला पुढे आयुष्य काढायचे आहे, हे मुख्याध्यापकांना कळत होते.

हा रकाना आठवण्याचे कारण शेजारची एक मुलगी. बी.एस्सी. होऊन ती नोकरी शोधत होती. एका कंपनीची मुलाखत चांगली झाली. उठता उठता समोरच्या बाईंनी सहज विचारले, “तुम्ही कविताही करता ना? जरा जहाल असतात.” पुढे निवड झाली नाही. कारण कोणी सांगितले नाही आणि ते कविताच असेल असे मानायला माझ्याजवळ पुरावा नाही. पण त्या संध्याकाळी ती मोबाइल घेऊन आली आणि म्हणाली, “काका, सगळं पुसून टाकू का?”

कविता मी वाचल्या. दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांचा कांदा बाजार समितीत गाडीभाड्याइतक्याही भावाने गेला नाही, तेव्हा लिहिलेल्या. भाषा कडक होती. एका पुढाऱ्यावर नाव न घेता वार होता. मी तिला म्हटले, मला थोडे दिवस दे. त्या दिवसांत जे वाचले, पडताळले आणि तिच्याबरोबर बसून जे केले, त्याचा हा हिशेब आहे.

सही करणारा माणूस

आमच्या पिढीला नोकरीसाठी ‘चारित्र्याचा दाखला’ लागे. राजपत्रित अधिकारी किंवा प्राचार्य लिहून देत, की अर्जदाराला मी अमुक वर्षे ओळखतो आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याचे नैतिक चारित्र्य चांगले आहे. पुष्कळदा ओळख त्याच सकाळची असे, हे खरे. तरीही त्या कागदाला तीन गोष्टी होत्या. खाली सही होती, म्हणजे लिहिणारा कोण ते कळत होते. वर तारीख होती, म्हणजे तो कधीचा ते कळत होते. आणि तो अर्जदाराच्या हातात मिळत होता, म्हणजे आपल्याबद्दल काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत होते.

नोकरी शोधण्याची बाकीची यंत्रणाही अशीच कागदावर चाले. १९५९ च्या कायद्याने रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे सरकारी आस्थापनांना आणि मोठ्या खासगी आस्थापनांना बंधनकारक झाले. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड जपून ठेवायचे आणि मुदत संपली की नूतनीकरणाला रांगेत उभे राहायचे, हा कित्येक घरांतला नेम होता. वर्तमानपत्रातली जाहिरात, पोस्ट बॉक्स क्रमांक, टंकलिखित अर्ज, सोबत दोन प्रतिष्ठितांची नावे. वशिला होता, जात होती, अन्याय होता. पण उमेदवाराबद्दलची लेखी माहिती प्रामुख्याने उमेदवारच पुरवत होता.

१९९७ साली नोकरी डॉट कॉम सुरू झाले तेव्हाही हा क्रम मोडला नाही. अर्ज टपालाऐवजी तारेवरून गेला, एवढेच. २००६ मध्ये नॅसकॉमने ‘नॅशनल स्किल्स रजिस्ट्री’ सुरू केली. संगणक उद्योगात खोटी अनुभवपत्रे फार झाली होती, म्हणून उमेदवाराने जे सांगितले ते खरे की खोटे एवढे तपासायचे. त्याने जे सांगितलेच नाही ते धुंडाळण्याची सोय तेव्हा नुकतीच तयार होत होती.

मित्रांनी लिहिलेली शिफारसपत्रे

जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट आले. ब्राझील आणि भारत या दोन देशांत ते विशेष रुजले. त्यात एक सोय होती, तिचे नाव ‘टेस्टिमोनियल’. आपल्याबद्दल मित्रांनी दोन शब्द लिहायचे आणि ते आपल्या पानावर झळकायचे. प्राचार्यांच्या दाखल्याचेच इंग्रजी नाव मुलांच्या थट्टामस्करीला मिळाले होते, आणि त्यात पुढे काय दडले आहे याची आपल्याला कल्पना नव्हती. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झाले. तोवर सगळे फेसबुकवर गेले होते. लिंक्डइन मे २००३ पासून चालू होते. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरना विकत घ्यायचे ठरवले, तेव्हा ‘नोकरीसाठी ओळखी ठेवणे’ या गोष्टीची किंमत जगाला समजली.

या नव्या दाखल्यात जुन्याच्या तिन्ही गोष्टी हरवल्या आहेत. प्रत्येकीचे एकेक उदाहरण देतो.

पहिले तारखेचे. स्पेनमधल्या ‘ला व्हॅनग्वार्दिया’ या वृत्तपत्रात १९९८ साली एक सरकारी जाहिरात छापून आली : थकबाकीपोटी अमक्याच्या मालमत्तेचा लिलाव. बाकी फिटली, प्रकरण मिटले. पुढे वृत्तपत्राने जुने अंक संगणकावर चढवले आणि त्या गृहस्थांचे नाव गूगलमध्ये टाकले की लिलावच समोर येऊ लागला. मारिओ कोस्तेखा हे त्यांचे नाव. ते भांडत युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि १३ मे २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले, की जुनी, गैरलागू झालेली माहिती नावाच्या शोधातून काढण्याची मागणी माणूस करू शकतो. ‘विसरले जाण्याचा हक्क’ म्हणतात तो हा. वृत्तपत्राच्या संग्रहातली जाहिरात मात्र तिथेच राहिली. कागद फाडायचा नाही, फक्त नावापासून त्याच्याकडे जाणारी वाट बंद करायची, असा तो तोडगा होता.

दुसरे सहीचे, म्हणजे कोण कोणत्या सुरात बोलतो ते कळण्याचे. मार्च २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विद्यार्थिनीने ट्विटरवर लिहिले, की सिस्को कंपनीने काम देऊ केले आहे. आता भरघोस पगार एका पारड्यात आणि रोजची लांबची ये-जा व नावडते काम दुसऱ्या पारड्यात टाकून पाहावे लागेल. कंपनीतल्याच एकाने ते वाचले आणि तुमच्या वरिष्ठांना हे ऐकायला आवडेल, अशा अर्थाचे उत्तर टाकले. गोष्ट जगभर पसरली. ते उपरोधाने लिहिले होते आणि काम आपण आधीच नाकारले होते, असे तिने नंतर सांगितले. पण तोवर ते ऐकायला कोणी थांबले नव्हते. मैत्रिणीशी बोलताना उपरोध डोळ्यांत दिसतो. अनोळखी वाचकापुढे फक्त वाक्य उरते.

तिसरे हातात मिळण्याचे. २०१७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने प्रवेश देऊ केलेल्या किमान दहा मुलांचे प्रवेश मागे घेतले, कारण फेसबुकच्या एका खासगी गटात त्यांनी अश्लील आणि वंशद्वेषी चित्रे एकमेकांना पाठवली होती. मुलांची बाजू घेण्याजोगे त्यात काही नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की गट ‘बंद’ होता. बंद गटातल्या प्रत्येकाच्या हातात पडद्याचे चित्र काढण्याची सोय असते, आणि आपल्याबद्दलचा दाखला कोणाच्या हाती गेला हे आपल्याला सर्वांत शेवटी कळते.

पाहणारा काय पाहतो

मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्यांना मी विचारले, तर उत्तरे सरळ होती. आधी अर्जांची चाळणी यंत्र करते; जाहिरातीतले शब्द, पदवी, वर्षे जुळतात का ते पाहते. उरलेल्यांपैकी ज्याला बोलवायचे त्याचे नाव कोणीतरी शोधून पाहते, चहाच्या वेळात, दोन मिनिटे. अर्जातल्या तारखा आणि लिंक्डइनवरच्या तारखा जुळत नाहीत, आधीच्या मालकाला शिव्या दिल्या आहेत, धमकीची भाषा आहे, असे काही दिसले तर नाव बाजूला पडते. इथवर तक्रार करण्यासारखे थोडेच आहे.

अडचण अशी, की दोन मिनिटांत याहून पुष्कळ दिसते. अर्जात धर्म विचारलेला नसतो, पण सणाचा फोटो असतो. जात विचारलेली नसते, पण जयंतीच्या मिरवणुकीतला फोटो असतो. अमेरिकेत अलेस्सांद्रो अक्विस्ती आणि क्रिस्टिना फाँग या संशोधकांनी चार हजारांहून अधिक जागांसाठी काल्पनिक उमेदवारांचे अर्ज पाठवले. अर्जात धर्माचा उल्लेख नव्हता. तो फक्त त्या उमेदवारांच्या समाजमाध्यमांवरच्या पानांवर कळत होता. देशभराच्या एकत्रित आकड्यांत मोठा फरक आढळला नाही. पण रिपब्लिकन पक्षाचे वजन असलेल्या भागांत मुस्लिम दिसणाऱ्या उमेदवाराला ख्रिस्ती दिसणाऱ्यापेक्षा कमी बोलावणी आली.

आपल्याकडे तर त्यासाठी पानही उघडावे लागत नाही. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासह केलेला अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. तो काळ कागदी अर्जाचा होता. आता नावाच्या जोडीला दहा वर्षांचे फोटो आले आहेत.

म्हणून ‘तुझे पान स्वच्छ ठेव’ हा सल्ला देताना मी थोडा अडखळतो. काहींना त्याचा अर्थ ‘दारू पितानाचे फोटो काढ’ इतकाच होतो. काहींना त्याचा अर्थ ‘तू कोण आहेस ते लपव’ असा होतो. दोघांना एकच सल्ला देणे बरोबर नाही.

कायदा कुठवर येतो

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल एकीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने त्यावर पसंतीची खूण केली. त्या घटनेनंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम देशभर चर्चेत आले आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी स्वतंत्र निकालपत्रात माणूस विसरतो पण इंटरनेट विसरत नाही, याची दखल घेतली.

मात्र हे हक्क मुख्यतः सरकारविरुद्धचे आहेत. खासगी मालकाने तुमचे उघडे पान वाचले आणि तुम्हाला बोलावले नाही, तर दाद मागायला हातात काही लागत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. माहिती दुरुस्त करून घेण्याचा, पुसायला लावण्याचा हक्क त्यात आहे. पण त्याच्या तिसऱ्याच कलमात एक अपवाद आहे : जी माहिती माणसाने स्वतः सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागू नाही. समाजमाध्यमावर स्वतःची माहिती उघड करणाऱ्या व्यक्तीचे उदाहरणच कायद्यात दिले आहे. कविता तिने स्वतः सार्वजनिक ठेवल्या होत्या. म्हणजे प्रश्न पुन्हा तिच्याच दारात आला.

परदेशी निघालेल्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी. २००९ मध्ये अमेरिकेतल्या बोझमन या शहराच्या पालिकेने नोकरीच्या अर्जात उमेदवारांच्या खात्यांची नावे आणि पासवर्डच मागितले. ओरड झाल्यावर माघार घेतली. २०१२ मध्ये मेरीलँड राज्याने मालकांना असे पासवर्ड मागायला कायद्याने बंदी केली. त्याच देशाने २०१९ पासून व्हिसाच्या अर्जात मागील पाच वर्षांतील खात्यांची नावे मागायला सुरुवात केली, जून २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती सर्वांसाठी खुली ठेवायला सांगितले, आणि डिसेंबर २०२५ पासून तोच नियम एच-वन-बी व्हिसाला लावला. पुण्या-नागपुरातून तिकडे जाणाऱ्या मुलामुलींना हा नियम रोजचा झाला आहे. कुलूप लावा हा सल्ला तिथे चालत नाही. आत काय आहे तेच आधी पाहावे लागते.

घर आवरण्याची रीत

तेव्हा आम्ही दिवाळीच्या आवराआवरीसारखे बसलो. आधी काय काय आहे ते बाहेर काढायचे, मग ठेवायचे काय ते ठरवायचे.

पहिल्या दिवशी फक्त शोध. तिचे नाव अवतरणचिन्हांत, आधी रोमन लिपीत, मग देवनागरीत, मग नावाबरोबर गाव, कॉलेज, मग चित्रे, मग जुना ई-मेल आणि मोबाइल क्रमांक. हे खासगी खिडकीत, आपल्या खात्यातून बाहेर पडून करावे, म्हणजे परक्याला दिसते ते दिसते. मराठी नावांची एक वेगळीच गंमत इथे कळते. चौगुले हे आडनाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते, वाघमारे दोन तऱ्हांनी. गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे, लिंक्डइनवर तिसरे असले की पडताळणी करणारा थबकतो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे तर निम्मे काम जुन्या नावावर अडकलेले असते. शिवाय पाटील, जाधव, शिंदे यांच्यात नाव-आडनाव सारखे असलेले पन्नास जण निघतात. त्यांतल्या एखाद्याचा गुन्हा आपल्या खाती दिसू शकतो. उपाय साधा आहे : पदवीच्या प्रमाणपत्रावर जसे नाव आहे तसेच, वडिलांच्या किंवा आईच्या नावासह, सगळीकडे ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी काढायच्या गोष्टी. दहावीच्या निकालाचा आनंदाने टाकलेला फोटो, त्यात बैठक क्रमांक आणि जन्मतारीख. प्रोफाइलवर मोबाइल क्रमांक आणि घरचा पत्ता. एका नोकरीच्या संकेतस्थळावर चढवलेला बायोडाटा, त्यात धर्म, जात, उंची आणि विवाहस्थिती! लग्नाच्या आणि नोकरीच्या कागदाला आपण एकच नाव दिले आहे, त्याचा हा परिणाम. या गोष्टी मालकापेक्षा ठगांच्या कामी अधिक येतात. नोकरी शोधणाऱ्याचा क्रमांक हाती लागला, की ‘निवड झाली, नोंदणी शुल्क भरा’ असा फोन येतो. खरा मालक नोकरीसाठी पैसे मागत नाही, हे घराघरांत सांगायला हवे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

काढणे आणि झाकणे यांत फरक आहे. फेसबुकवर जुने सगळे सार्वजनिक लेखन एका फटक्यात ‘फक्त मित्रांसाठी’ करण्याची सोय आहे. इतरांनी आपले नाव जोडलेले फोटो आधी आपल्याला विचारून मगच आपल्या पानावर यावेत, असेही करता येते. खाते तात्पुरते बंद केले तर ते परत उघडते. कायमचे काढायला सांगितले तर ३० दिवसांपर्यंत मन बदलता येते. काढलेल्या पानाची सावली गूगलच्या निकालांत काही दिवस राहते. ती हटवण्याची विनंती करता येते. आणि इंटरनेट आर्काइव्हसारख्या संग्रहात किंवा कोणाच्या मोबाइलमध्ये प्रत उरली असेल, तर तिथे आपला हात पोचत नाही. पुसण्याला ही मर्यादा आहे.

तिसऱ्या दिवशी ठेवायच्या गोष्टी. कॉलेजात तिने मृदापरीक्षणाचा छोटा प्रकल्प केला होता. त्याचा कुठेच मागमूस नव्हता. तो चार परिच्छेदांत लिहून, आकडे आणि दोन फोटो देऊन लिंक्डइनवर ठेवला. जे आले नाही ते येते म्हणून लिहिले नाही. नोकरी शोधत असल्याची खूण सर्वांना दाखवायची की फक्त भरती करणाऱ्यांना, हे तिथे निवडता येते; तिने दुसरे निवडले. एकही पान नसलेल्या उमेदवारापेक्षा थोडे पण खरे पान असलेला उमेदवार बरा, असे मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक भरतीवाल्याने सांगितले.

कवितांचे काय?

मग कविता उरल्या. तिची आई म्हणाली, “पूस गं. आधी पोट, मग कविता.” आईचे चूक नव्हते. त्या घरात एका पगाराची निकड काय आहे, हे मला माहीत होते; माझ्यासारख्याने तत्त्वाच्या गोष्टी सांगणे सोपे आहे.

आम्ही एकेक मजकूर घेऊन तीन प्रश्न विचारले. हे आजही मी म्हणेन का? ज्याच्याबद्दल लिहिले त्याच्यासमोर वाचू शकेन का? हे माझे आहे, की त्या क्षणी दहाजण ओरडत होते म्हणून मीही ओरडले? कवितांखालच्या टिप्पण्यांत तिने एका मुलाशी घातलेला वाद होता, त्यात त्याच्या दिसण्यावरून बोललेले होते. ते तिने स्वतःहून काढले, आणि त्याला निरोप पाठवून माफी मागितली. पुढे पाठवलेली काही चित्रे गेली. दोन कविता तिला स्वतःलाच कच्च्या वाटल्या, त्या झाकल्या. कांद्याच्या कवितेवर ती बराच वेळ थांबली.

ती तिने ठेवली. पण जुन्या दाखल्याच्या तिन्ही गोष्टी तिला परत देऊन. वर लिहिण्याची तारीख घातली, कोणत्या हंगामात आणि कशामुळे लिहिली त्याच्या दोन ओळी घातल्या, आणि खाली टोपणनावाऐवजी पूर्ण नाव. आईला वाचून दाखवली. आई काही बोलली नाही, उठून चहा टाकायला गेली.

या निर्णयाची किंमत पडेल का? पडू शकेल. एखादी जागा या कवितेपायी जाईलही, आणि गेली तरी कोणी तसे सांगणार नाही. ज्या घराला ही किंमत परवडत नाही त्याने कविता झाकली तर त्याला भित्रे म्हणू नये. झाकलेली कविता पुन्हा उघडता येते. पुसण्यापूर्वी वहीत मात्र उतरवून ठेवावी.

मला जास्त काळजी दुसऱ्या बाजूची वाटते. भरतीच्या खुर्चीवर बसलेली माणसे आपल्यातलीच आहेत. या अंकाच्या वाचकांतही काही असतील. एकोणिसाव्या वर्षी आपण काय काय बोललो, हे त्यांना आठवून पाहता येईल. ते कुठे लिहिलेले राहिले नाही म्हणून त्यांच्या कागदावर ‘वर्तणूक : चांगली’ असे छापून आले. तो रकाना भरणाऱ्या मुख्याध्यापकांनाही पुष्कळ काही माहीत होते.

मुलगी सध्या एका प्रयोगशाळेत तीन महिन्यांच्या प्रशिक्षणावर आहे. पुढे कायम करतील की नाही, ते दिवाळीनंतर कळेल.